थंडी उतारानं वाहते

लग्नकार्यात नातेवाईक माझी ओळख "या हवामानात होत्या" अशी करून देतात. ते ऐकलं की समोरचा माणूस आधी आभाळाकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि विचारतो, "मग यंदा काय?" एकतीस वर्षं नोकरी झाली, पण या "यंदा काय"चं उत्तर मला एकदाही देता आलं नाही. माझं मूळ काम पुढचं सांगण्याचं नव्हतंच. आज सकाळी सात वाजता काय होतं, ते लिहून ठेवण्याचं होतं.

मी निरीक्षक होते. शेतीसाठी चालवल्या जाणाऱ्या वेधशाळेत, आधी धुळ्याला आणि मग जळगावला. वेधशाळा म्हटलं की लोकांना दुर्बीण आठवते. आमच्याकडे दुर्बीण नव्हती. तारेचं कुंपण घातलेला, गवत कापलेला मोकळा चौक, आणि मधोमध चार पायांवर उभी असलेली एक पांढरी लाकडी पेटी. पेटीला खिडकीच्या झडपांसारख्या पट्ट्या असतात, म्हणजे आत वारा खेळतो पण ऊन शिरत नाही. आत तापमापक. एक साधा, एक ओलं फडकं गुंडाळलेला, एक दिवसाचं सगळ्यांत जास्त तापमान धरून ठेवणारा आणि एक रात्रीचं सगळ्यांत कमी तापमान धरून ठेवणारा. बाहेर पर्जन्यमापक, वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण, आणि एक रुंद पत्र्याचं पातेलं. त्यातलं पाणी दिवसभरात किती उडून गेलं ते मोजायचं. मे महिन्यात जळगावला ते पातेलं इतक्या वेगानं रिकामं व्हायचं, की वाटायचं कुणीतरी पाणी पिऊन जातंय. वाचन सकाळी सातला आणि दुपारी दोनला. घरात दिवाळी असो की मुलीला ताप असो, सातला मी पेटीसमोर हजर.

या कामात गिऱ्हाइकंही भेटतात. एका मंडपवाल्याला वाऱ्याचा दाखला हवा होता. मंडप उडाला तो वाऱ्यानं, त्याच्या खुंट्या कच्च्या नव्हत्या, असं त्याला वधूपित्याला दाखवायचं होतं. एक वकील दर महिन्याला येऊन कुठल्या तरी सकाळी धुकं होतं का ते विचारत. आणि असोद्याच्या बचत गटाच्या बाया उन्हाळ्यात फोन करायच्या, "मॅडम, कुरडया कधी घालू? दोन दिवस लागोपाठ कडक ऊन पाहिजे." त्यांच्याइतक्या मन लावून माझे आकडे कुणी ऐकले नाहीत.

असं सगळं हसतखेळत सांगता येतं. पण दिवाळी अंकासाठी लिहायला बसले तेव्हा कागदावर पहिलं नाव आलं ते सुनंदाचं. ते यायला नको म्हणून मी दोन-तीन वेगळ्या सुरुवाती करून पाहिल्या. जमलं नाही. म्हणून तेच सांगते.

त्याआधी भगवानभाऊंबद्दल सांगायला हवं, कारण ज्या गोष्टीत मी चुकले, ती त्यांनी मला फार आधी शिकवली होती.

धुळ्याला मी नवी होते तेव्हा भगवानभाऊ आमच्या वेधशाळेत शिपाई होते. साक्रीच्या पश्चिमेकडचे, डोंगराच्या कुशीतल्या गावचे. एकदा ऐन पावसाळ्यात पूर्वेकडच्या एका गावाहून एक शेतकरी तावातावानं आला. आमच्या नोंदीत त्या आठवड्यात चांगला पाऊस होता, आणि त्याच्या शेतात धूळ उडत होती. "तुमना कागदवर पानी पडना, आम्हना वावरमा नही पडना," तो म्हणाला. मी चिडले. वही उघडून त्याच्यापुढे आकडा ठेवला. मापक माझ्या हातानं रिकामं केलं होतं, मी खोटी कशी? भगवानभाऊंनी त्याला पाणी दिलं, बसवलं, आणि तो गेल्यावर मला म्हणाले, "बाई, तो खोटं नही बोली राहिना. तुम्हनं डबं एवढं एवढं शे. ते फक्त आपलावर पडेल पानी मोजस. मधमा डोंगर शे ना!"

पुढच्या सुट्टीला त्यांनी मला एसटीत बसवून थेट नवापूरला पाठवलं. "खिडकीजोगे बठा आनि भाईर देखत ऱ्हा," एवढंच सांगितलं. धुळ्याहून निघाले तेव्हा रस्त्याकडेला बाजरी कमरेइतकीही नव्हती. साक्री मागे पडली तशी हिरवळ दाट होत गेली, मग ओढ्यांना पाणी दिसलं, मग भातखाचरं, आणि नवापूरला उतरले तर छत्री उघडावी लागली. एकच जिल्ह्याएवढा टापू, एकच दिवस, एकच मोसमी वारा. समुद्रावरून निघालेला तो ओला वारा सह्याद्री चढताना आपलं बहुतेक पाणी तिकडेच टाकून देतो. डोंगर ओलांडून आमच्याकडे येतो तो जवळजवळ कोरडा. त्या प्रवासात मला जे समजलं ते पदवीच्या तीन वर्षांत समजलं नव्हतं.

पुढे जळगावला बदली झाल्यावर शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणात मी हेच सांगायची. जमिनीवर खडूनं देशाचा नकाशा काढायची. वर हिमालयाची भिंत, ती नसती तर उत्तरेकडचा गोठवणारा वारा थेट आपल्या अंगणात आला असता. पश्चिमेला सह्याद्री. मध्ये आपला खानदेश, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, आणि त्यांच्यामधून पश्चिमेकडे वाहत जाणारी तापी. एखादी लांबट परात असावी तसा. समुद्र लांब, दोन्हीकडे दगड, म्हणून उन्हाळ्यात परात तापते. आणि हिवाळ्यात तीच परात निवते. "म्हणून एकाच गावात मे महिन्यात केळीची पानं भाजतात आणि जानेवारीत त्याच केळीला थंडी चावते," असं मी म्हटलं की माना डोलायच्या. मला फार बरं वाटायचं.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत स्वयंचलित यंत्रं आली. एक उंच खांब, त्यावर तापमान, वारा, पाऊस मोजणारी उपकरणं, सूर्यावर चालणारी बॅटरी आणि मोबाइलसारखं सिमकार्ड. माणूस नको, सातची घाई नको. दर तासाला आकडे आपोआप कार्यालयात. सातपुड्याच्या पायथ्याला केळीचा पट्टा आहे, तिथे काही ठिकाणी ही यंत्रं बसवायची होती आणि जागा ठरवायचं काम माझ्याकडे आलं. एका यंत्राचा आकडा आसपासच्या दहा-बारा गावांसाठी धरला जाणार होता. त्या आकड्यावरून आम्ही शेतकऱ्यांना मोबाइलवर सल्ला पाठवणार होतो. आज पाणी द्या, उद्या फवारणी नको, असा.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथे दोन जागा पुढे आल्या. एक, पाण्याच्या टाकीशेजारचं टेकाड. डांबरी रस्ता लागून, कुंपण तयार, मोबाइलला पूर्ण रेंज. दुसरी, गावाच्या उत्तरेला नाल्याकाठी, सुपडू नानांच्या मळ्याच्या कोपऱ्यात. ती त्यांनी स्वतःहून देऊ केली होती. सुपडू नाना सत्तरीचे, धोतर-टोपीतले, केळीबद्दल सगळं गाव ज्यांना विचारायचं असे. त्यांनी मला हाताला धरून टाकीपासून नाल्यापर्यंत चालवत नेलं.

"ताई, टाकीपाशी नका बसवू," ते म्हणाले. "ते टेकाळ हाये. थंडी तठी राह्यत नही."

"मग कुठे राहते?"

"थंडी पान्यासारखी हाये. उतारानं वाह्यते. रातच्याले डोंगरावून उतरते, या नाल्यानं येते अन् आमच्या खोल्यात, या खालच्या भागात, येऊन बसते. हिवायात सकाळी इथी उभं राह्यलं तं पाय बधिर होतात. टाकीपाशी गेलं का उबारा लागतो. आमच्या साऱ्या केळी खोल्यात हायेत, अन् तुमचं यंत्र टेकाळावर. मंग ते कोनाची थंडी मोजीन?"

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. रात्री डोंगराचा उतार निवतो, त्याला लागलेली हवा थंड होऊन जड होते, आणि जड हवा खाली घरंगळते, सखल जागी साठते. हे मी स्वतः प्रशिक्षणात शिकवत होते. नानांनी ते कुठल्याही पुस्तकाशिवाय आपल्या तळपायांनी ओळखलं होतं.

तेवढ्यात त्यांची सून चहा घेऊन मळ्यात आली. तीच सुनंदा. पंचविशीची, साडीचा पदर खोचलेला, पायात मातीनं भरलेली चप्पल. मी पारोळ्याची हे कुणाकडून तरी तिला कळलं होतं. "ताई, तुम्ही आमना पारोळाना ना?" तिनं एकदम माहेरच्या बोलीत विचारलं. तिचं माहेरही तिकडचं. सासरी येऊन तीन वर्षं झाली होती आणि या बाजूच्या बोलण्यात ती अजून रुळली नव्हती. पारोळ्याचा किल्ला, बाजार, शाळेच्या बाई, असं आम्ही दहा मिनिटं बोललो. निघताना ती म्हणाली, "यंत्र इथेच बसवा. मी रोज बघत जाईन."

मी ते टाकीजवळ बसवलं.

कारणं सांगता येतील. नाल्याकाठी रेंज कमी होती. पावसाळ्यात तिथपर्यंत जीप जात नव्हती. बॅटरी चोरीला जाण्याची भीती होती. नाना स्वतःच्या मळ्यासाठी सांगत असतील असाही विचार मनात आला, तो आठवला की आजही लाज वाटते. आणि एक खरं कारण म्हणजे त्या दिवशीचं ते चौथं गाव होतं, मी दमले होते. जागा ठरवल्याच्या कागदावर शेवटी एक ओळ असते, तिच्यापुढे मी लिहिलं, "स्थळ प्रातिनिधिक आहे." म्हणजे या जागेची हवा ती आसपासच्या सगळ्या शेतांची हवा. खाली सही केली.

पुढच्या वर्षी सुनंदा आमच्या प्रशिक्षणाला आली. सत्तर पुरुषांत पाच बायका. नानांना अर्धांगाचा झटका येऊन ते खाटेला खिळले होते. नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात. दीर भालचंद्र त्याच गावात होता, पण त्याचं खतांचं दुकान. म्हणून मळा सुनंदाकडे आला होता. तिनं पहिल्या रांगेत बसून सगळं उतरवून घेतलं. ठिबकचं पाणी किती वेळ सोडायचं, घडावर पिशवी कधी चढवायची, थंडीची रात्र येणार असेल तर काय करायचं. ते थोडक्यात सांगते, कारण पुढे लागेल. केळीला दहा अंशांच्या खाली सोसत नाही. पानं पिवळी पडतात, वाढ थांबते, आणि झाड निसवायला आलं असेल, म्हणजे घड बाहेर पडायच्या बेतात असेल, तर तो खोडाच्या गळ्यातच अडकतो. उपाय दोन. विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं, ते पहाटे बागेला सोडायचं. आणि बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा, म्हणजे धुराची चादर थंडी अडवते. दोन्हीला माणसं लागतात, जागरण लागतं.

त्या दिवशी मी एक वाक्य पुन्हा पुन्हा सांगितलं. "अंदाजानं शेती करू नका, मापानं करा." सुनंदानं ते वहीत लिहून खाली रेघ मारलेली मी पाहिली.

पहिलं वर्ष तिचं चांगलं गेलं. तिचा फोन यायचा. "ताई, तुमच्या मेसेजप्रमाणे फवारणी पुढे ढकलली आणि दुसऱ्या दिवशी पाऊस आला!" गावातले लोक तिला काय टाकायचं, कधी टाकायचं असं विचारायला लागले होते. नाना खाटेवरून सगळं ऐकत आणि काही बोलत नसत. "बोलत नाहीत म्हणजे मान्य आहे," ती हसून म्हणायची.

मग तो जानेवारी आला. उत्तरेत बर्फ पडलं आणि चार दिवसांत आमच्याकडे गारठा उतरला. दिवसा आभाळ निरभ्र, रात्री वारा एकदम पडलेला. अशी रात्र थंडी साठायला सगळ्यांत सोयीची. टाकीजवळचं यंत्र पहाटे बारा-तेरा अंश दाखवत होतं. सल्ला मीच लिहायची. मी लिहिलं, "पुढील तीन दिवस किमान तापमान केळीस धोकादायक पातळीखाली जाण्याची शक्यता नाही. पहाटे पाणी देण्याची व धूर करण्याची गरज नाही." आणि तो संदेश शेकडो मोबाइलवर गेला.

लिहिताना मला नाला आठवला का? आठवला. क्षणभर. मग वाटलं, यंत्र बारा दाखवतंय तर खाली फार तर अकरा असेल.

त्या घरात काय झालं ते मला नंतर कळलं. संध्याकाळी नाना खाटेवरून म्हणाले, "सुनंदा, आज धूर कर." जीभ जड झाली होती, पण तेवढं स्पष्ट म्हणाले. मजुरांना संदेशाआधीच्या दोन रात्री धुरासाठी जागरण झालेलं, त्यांना पुन्हा बोलावायचं म्हणजे विनवण्या. सुनंदानं मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "नाना, मॅडमनी लिहिलंय, गरज नाही. यंत्राचं माप आहे." नानांनी मान दुसरीकडे वळवली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा म्हणाले. तिसऱ्या दिवशी म्हणाले नाहीत.

आठवड्यानं सुनंदाचा फोन आला. आवाज बारीक झालेला. "ताई, पानं पिवळी पडताहेत. घड गळ्यात अडकलेत. एकदा येऊन बघा."

मी दुसऱ्याच दिवशी पहाटे जीप काढायला लावली. सोबत वेधशाळेचे दोन तापमापक घेतले. गारठा अजून होता. आधी टाकीजवळ थांबले, यंत्राशेजारी एक तापमापक टांगला, थांबून वाचला. बारा. यंत्र बरोबर होतं. मग टेकाडावरून खाली उतरले. पन्नास-साठ पावलं गेल्यावर गालाला जाणवलं. आपण पाण्यात उतरावं तशी थंडी आधी घोट्यांना लागली, मग गुडघ्यांना, मग छातीपर्यंत आली. नाल्याच्या खोलगट भागावर पातळ धुकं बसलेलं होतं आणि त्यात सुनंदाची बाग उभी होती. मी दुसरा तापमापक एका झाडाजवळ टांगला. सुनंदा माझ्यामागे अनवाणी उभी होती. दहा मिनिटांनी आकडा पाहिला.

सहा.

बाग बघायला आकड्याची गरज नव्हती. पानांच्या कडा करपल्यासारख्या, आणि झाडामागून झाड, घडाची टोकं खोडात अर्धवट रुतलेली. व्यापारी येऊन, बघून, न बोलता निघून गेले होते.

"तुझी चूक नाही," मी तिला म्हटलं. "यंत्राची जागा चुकली आहे."

"हे घरात सांगाल?" ती म्हणाली. "नानांना, भाऊजींना. भाऊजी सगळ्या गावात म्हणताहेत, मोबाइल बघून शेती केली, बाग घालवली. नाना माझ्याशी बोलत नाहीत."

"सांगते," मी म्हटलं. "आधी कार्यालयात लेखी देते. मग कागद घेऊनच येते, म्हणजे कुणाला शंका राहणार नाही."

चालकानं हॉर्न वाजवला. मी जीपमध्ये बसले. ती रस्त्यापर्यंत आली होती.

कार्यालयात मी साहेबांना दोन्ही आकडे सांगितले. साहेब सज्जन माणूस, वाईट नव्हते. त्यांनी फाइल मागवली, माझी सही असलेलं पान उघडलं आणि माझ्याकडे फिरवलं. "जागा तुम्हीच निवडली होती ना? स्वतःविरुद्ध कशाला लिहिता? निवृत्तीला किती राहिलं?"

"चौदा महिने."

"मग असं लिहा, की या भागात भूरचना असमान असल्यानं जादा यंत्राचा विचार व्हावा. अर्थ तोच निघतो."

अर्थ तोच निघत नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी तसंच लिहिलं. सहा आणि बारा हे आकडे त्या टिपणात कुठेच आले नाहीत. आणि असा कागद घेऊन सुनंदाच्या घरी कुठल्या तोंडानं जायचं? आठवड्यामागून आठवडा गेला. तिचे दोन फोन आले, मी घेतले नाहीत. नंतर फोन आला नाही.

त्या चौदा महिन्यांत मी कामात कधी नव्हते इतकी काटेकोर झाले. केळीच्या सल्ल्यात "सखल भागात तापमान याहून कमी राहू शकते" ही ओळ घालायला लागले. ती ओळ योग्य होती. मी ती कुणासाठी लिहिते आहे हे मात्र मलाच ठाऊक होतं.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्या गावी गेले. टाकीजवळ यंत्र तसंच उभं होतं, खांबावर कावळा बसलेला. नाल्याकाठी केळी नव्हती, वेचून झालेल्या कापसाच्या काड्या उभ्या होत्या. घरी भालचंद्र भेटला. बसा म्हणाला, पाणी दिलं. नाना पावसाळ्यात गेले होते. मळा आता तो बघत होता. सुनंदा नवऱ्याकडे सुरतेला गेली होती, तिच्याच मनानं की घरच्यांनी पाठवलं, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्याला तिथेच सगळं सांगायचं, असं ठरवून मी गेले होते. त्याच्यापुढे बसून नुसतं पाणी प्याले. पत्ता मागितला, निघाले.

जळगावहून सुरतेला जाणारी गाडी जवळजवळ सगळा वेळ तापीच्या सोबतीनं जाते. मोसमी वारा आपल्याकडे यायला जी मोकळी वाट धरतो, तिच्या उलट्या दिशेनं. नंदुरबारनंतर हवा ओलसर होत गेली. एरवी मी खिडकीतून हेच सगळं बघत बसले असते. त्या दिवशी पूर्ण रस्ता मी फक्त काय बोलायचं ते जुळवत होते.

तिसऱ्या मजल्यावर एक खोली. सुनंदानं दार उघडलं. साड्यांना टिकल्या लावायचं काम पुढ्यात पसरलेलं होतं, ते तिनं हातानं बाजूला सारलं. "या ताई," म्हणाली, जशी वाट बघत असावी. नवरा कामावर गेला होता.

मी बसले आणि न थांबता सगळं सांगितलं. नानांनी दोन जागांचं काय सांगितलं होतं, मी काय लिहिलं, संदेश लिहिताना नाला आठवला होता तो, साहेबांपुढचं टिपण, न घेतलेले फोन.

"दोन्ही आकडे मला तेव्हाच कळले होते," मग ती म्हणाली. "तुम्ही टाकीकडून खाली आलात, तेव्हा बारा असं स्वतःशी म्हणालात. खालचा सहा मी तुमच्या मागून वाचला. मला वाटलं, आता ताई घरात येतील. मी सकाळीच चहाचं आधण ठेवून आले होते. नानांना उशीला टेकवून बसवलं होतं. तुम्ही रस्त्यावरूनच गेलात."

मला त्या घरात आधण ठेवलेलं माहीत नव्हतं.

"का नाही बोललात?"

"भ्याले," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. उठून फोन आणला, भालचंद्रचा नंबर लावला, आवाज मोठा करून फोन टिकल्यांच्या ढिगाशेजारी माझ्यापुढे ठेवला. "आता सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

मी सांगितलं. मी कोण, यंत्राची जागा कुणी निवडली, त्या पहाटे टाकीपाशी किती होतं आणि मळ्यात किती. सुनंदानं मापाप्रमाणे केलं, माप मी चुकीच्या जागी ठेवलं. सुनंदाची चूक नव्हती. पलीकडून दुकानातले आवाज येत होते, कुणीतरी युरियाची गोणी मागत होतं. भालचंद्र म्हणाला, "बरं." मग, "वहिनी हायेत का तठी? त्याइले सांगा, दिवाळीले या म्हना." आणि फोन ठेवला.

सुनंदानं फोन बाजूला ठेवला. मग साडी पुन्हा मांडीवर ओढून घेतली, सुई उचलली.

"भाऊजींनी ऐकलं," ती म्हणाली. "एक नाना तेवढे राहिले."